एका बाटलीत चार औषधं

माघातल्या मुहूर्तावर आमच्या पुतण्याचं लग्न झालं. त्यासाठी न्यू जर्सीहून भाची आली, माझ्या नणंदेची मुलगी. तिची बॅग उघडणं हा आमच्या घरात एक कार्यक्रमच असतो. सासूबाईंना स्वेटर, पोरांना चॉकलेटं, मला दरवर्षीप्रमाणे मी कधीच न वापरणारा परफ्यूम. सगळं वाटून झाल्यावर तिने बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेला एक डबा काढला आणि म्हणाली, "मोठ्या मामी, हा फ्रिजमध्ये ठेव गं. दारात नको, आत ठेव. धाकट्या मामीसाठी आहे."

डब्यात करंगळीएवढ्या काचेच्या दोन बाटल्या होत्या. वर रबरी बूच, आत तळाला निळी पूड. माझं माहेर द्राक्षबागायतदारांचं, त्यामुळे मला पहिल्यांदा मोरचूद आठवलं. फवारणीचं.

"हे काय गं?"

"पेप्टाइड्स. गुडघे, चेहरा, सूज, सगळ्यावर. तिकडे सगळ्या घेतात."

धाकटी जाऊ म्हणजे लग्नातली वरमाय. वय बावन्न. सहा वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला. पुण्याला ऑपरेशन, केमो, शेक, सगळं झालं आणि ती त्यातून नीट बाहेर आली. आता रोज एक गोळी आणि सहा महिन्यांनी तपासणी. पण गेली दोन-तीन वर्षं तिचे गुडघे आणि बोटांची पेरं धरतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. एकेकाळी मंगळागौरीला रात्र रात्र फुगड्या घालणारी ही बाई आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून कुंडीतली वाळलेली पानं खुडल्यासारखं करते. आम्हाला कळू नये म्हणून. गालांवर वांगही आलेत. लग्नाच्या फोटोत कसं दिसेल याची तिला धास्ती होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मुलाच्या लग्नात आपण बरं दिसावं असं कोणत्या आईला वाटत नाही?

हे सगळं तिने व्हिडिओ कॉलवर भाचीला सांगितलं होतं. डॉक्टरांना नाही.

आता भाचीबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नका. पोरगी हुशार आहे, मायाळू आहे. तिचा स्वतःचा खांदा वर्षभर दुखत होता, तेव्हापासून ती हे घेते. दोन बाटल्या वेगवेगळ्या का, असं विचारल्यावर तिने लॅपटॉप उघडून तक्ताच दाखवला. एका मिश्रणाचं नाव ‘ग्लो’, त्यात तीन पेप्टाइडं. दुसऱ्याचं ‘क्लो’, त्यात तीच तीन आणि वर चौथं. त्वचेसाठी ग्लो पुरे, आतली सूज, ठणका, दाह असेल तर क्लो चांगलं. साड्यांच्या दुकानात आपण पैठणी आणि इरकल शेजारी शेजारी मांडून बघतो ना, तसं तिने मांडलं होतं. जाऊ माझ्याकडे बघत होती. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं, कारण मला काही माहीत नव्हतं. म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. डबा लोण्याच्या भांड्यामागे गेला. लग्नाची गडबड ओसरल्यावर मी वाचायला बसले. भाचीलाच विचारून, तिच्याच लॅपटॉपवर, रोज दुपारी.

पेप्टाइड हा शब्द ऐकून दडपून जाऊ नका. प्रथिनं ज्या मण्यांची बनतात, ती अमिनो आम्लं, त्यांची छोटी सर म्हणजे पेप्टाइड. मणी तेच, ओवण्याचा क्रम बदलला की दागिना बदलतो. आपल्या घरातलं इन्सुलिन हे एक्कावन्न मण्यांचं. बाळंतपणात कळा वाढवायला देतात ते ऑक्सिटोसिन नऊ मण्यांचं. तेच ऑक्सिटोसिन गोठ्यात म्हशीला टोचून दूध काढणारेही आपण पाहिलेत. सांगायचं असं की पेप्टाइड म्हणजे थोतांड नव्हे, आणि पेप्टाइड म्हणजे निरुपद्रवीही नव्हे. कुठलं, किती, कुणाला, यावर सगळं आहे.

भाचीच्या बाटलीतली पूड निळी होती ती तांब्यामुळे. तीन मण्यांचं एक पेप्टाइड तांब्याला धरून असतं, त्याला जीएचके-सीयू म्हणतात. लॉरेन पिकार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ते माणसाच्या रक्तद्रवात शोधलं. चौघांत याचा इतिहास सगळ्यात सरळ. चेहऱ्याच्या क्रीममध्ये, सिरममध्ये ते बरीच वर्षं वापरलं जातं, डब्यावर ‘कॉपर ट्रायपेप्टाइड’ असं लिहिलेलं असतं. बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात असं लहान लहान अभ्यासांत दिसलंय. वरून लावायचं, नाही सोसलं तर धुऊन टाकायचं. याला माझी काहीच हरकत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी लावावं. (वांगांसाठी मात्र आधी उन्हाचं मलम. टेरेसवर पापड घालताना आपण कुठे लावतो ते?)

दुसरं बीपीसी-१५७, पंधरा मण्यांचं. जठररसातल्या एका प्रथिनाचा हा तुकडा, असं ते शोधणाऱ्यांचं म्हणणं. त्याच्यावरचं बहुतेक काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका गटाने केलं आणि ते जवळजवळ सगळं उंदरांवर. उंदरांचे तुटलेले स्नायुबंध भरले, आतड्याच्या जखमा भरल्या, वाचताना खरंच आश्चर्य वाटतं. पण माणसांवरचे अभ्यास एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि प्रत्येकात मूठभर माणसं. २०१५ मध्ये निरोगी माणसांवर एक चाचणी नोंदवली गेली होती. तिचे निकाल प्रसिद्धच झाले नाहीत. मला हे खटकलं. आपल्याकडे स्थळ पाहून गेलेली मंडळी काहीच कळवत नाहीत, तेव्हा आपण समजायचं ते समजतोच की!

तिसरं टीबी-५००. शरीरात थायमोसिन बीटा-४ नावाचं त्रेचाळीस मण्यांचं पेप्टाइड असतं. टीबी-५०० या नावाने कुणी ते पूर्ण विकतं, कुणी त्यातला सात मण्यांचा तुकडा विकतं. म्हणजे नाव एक, माल दोन. शर्यतीच्या घोड्यांना चोरून टोचण्यासाठी ते बदनाम झालं. आणि चौथं, क्लोमधलं जादा, ते केपीव्ही. तीनच मणी. दाह शमवणाऱ्या एका संप्रेरकाची ही शेपटी. आतड्याची सूज आलेल्या उंदरांना गुण आला, इतकं खरं. तुमच्या-माझ्या गुडघ्यापर्यंत ती गोष्ट अजून आलेली नाही.

या चौघांपैकी एकालाही टोचण्याचं औषध म्हणून अमेरिकेत मंजुरी मिळालेली नाही, आपल्याकडेही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, दुकानात मिसळून द्यायला धोक्याच्या वाटणाऱ्या पदार्थांची यादी काढली होती, त्यात टोचायचं जीएचके-सीयू, बीपीसी, थायमोसिनचा तो तुकडा आणि केपीव्ही अशी चौघांचीही नावं होती. खेळाडूंना बीपीसी २०२२ पासून बंद. आणि बाटलीवर काय लिहिलं होतं? भिंग घेऊन मी ते जावेला वाचून दाखवलं. ‘फक्त संशोधनासाठी. माणसांच्या वापरासाठी नाही.’ भाची म्हणाली, "मामी, ते कायद्यासाठी लिहितात, सगळ्यांना माहीत असतं." असेल. पण काही झालं तर विकणारा हेच वाक्य पुढे करणार ना? २०२५ च्या जुलैत लास वेगासला दीर्घायुष्यावरच्या एका मेळाव्यात अशी पेप्टाइडं टोचून घेतल्यावर दोन बायकांना गंभीर अवस्थेत रुग्णालयात न्यावं लागलं.

तरी ग्लो चांगलं की क्लो, हा भाचीचा प्रश्न उरतोच. माझं मत असं झालं की हा प्रश्न विचारण्यात अर्थच नाही, कारण दोन्हींत खरी अडचण एकच आहे. मिश्रण.

हे मी हिशेबाने सांगते. क्लोची बाटली ऐंशी मिलिग्रॅमची. त्यात पन्नास तांब्याचं आणि बाकीची तिन्ही दहा-दहा. दोन मिली पाणी घातलं की एका मिलीत चाळीस मिलिग्रॅम. तक्त्यात लिहिलं होतं, रोज दहा युनिट. अमेरिकेतल्या इन्सुलिनच्या सिरिंजवर एका मिलीच्या शंभर रेघा असतात, म्हणजे दहा युनिटला चार मिलिग्रॅम. समजा जावेला केपीव्ही थोडं वाढवून हवं आहे आणि तांबं कमी. करता येईल का? नाही येणार. एक वाढवलं की चारही वाढणार. आमटीत मीठ जास्त झालं तर पाणी घालता येतं, पण मग तिखटही पातळ होतं आणि चिंचही. आणि अंगावर पित्त उठलं, छातीत धडधडलं, तर चौघांपैकी कुणामुळे? कोण सांगणार?

याहून भयंकर गोष्ट मला हिशेब करताना दिसली. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन मीच देते. आपल्या मेडिकलमध्ये लाल टोपणाची सिरिंज मिळते ती चाळीसची, म्हणजे एका मिलीला चाळीस रेघा, कारण आपल्याकडे चाळीसच्या इन्सुलिनच्या बाटल्या सर्रास चालतात. नारिंगी टोपणाची ती शंभरची. भाची परत गेल्यावर जावेने बाटली काढली असती, आमच्याच घरातली लाल टोपणाची सिरिंज घेतली असती आणि तक्त्याप्रमाणे दहा रेघांपर्यंत भरली असती. चारऐवजी थेट दहा मिलिग्रॅम. अडीचपट. दोघीही शहाण्या, दोघीही काळजी घेणाऱ्या, आणि तरी. मी भाचीसमोर दोन्ही सिरिंजा ठेवल्या तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

मिश्रणाची भीती मला पुस्तकातून आलेली नाही. कराडला नवीन संसार होता तेव्हा मला गळ्याला गजकर्ण झालं. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. दोन दिवसांत खाज गेली. मी खूश! शेजारणीलाही दिली. महिन्याने परत आलं, परत लावली. मग चेहऱ्यावरच्या डागांनाही लावली, कारण चेहरा उजळतो असं कुणीतरी म्हणालं. वर्षभराने गालांची कातडी इतकी पातळ झाली की लाल शिरा दिसायला लागल्या, ऊन लागलं की आग व्हायची. आणि गजकर्ण? ते पाठीवर पसरलं होतं. स्टेरॉइडने खाज दाबली, बुरशी आत मजेत वाढली. त्वचेच्या डॉक्टरांकडे पोचायला मला आणखी सहा महिने लागले, कारण ‘साधं गजकर्ण’ घेऊन कोण जातं डॉक्टरकडे! आज त्वचेचे डॉक्टर सांगतात की औषधांना दाद न देणारं गजकर्ण देशभर वाढलंय आणि त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडच्या बऱ्याच मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. चिठ्ठी मागतं का कुणी, ते तुम्हीच आपल्या गावात बघा.

त्या ट्यूबमधली तिन्ही औषधं खरी होती. मंजूर होती. कारखाना मान्यतेचा होता. तरी एवढं झालं. इथे तर चारही अनोळखी आणि कारखान्याचा पत्ता नाही.

यावर भाचीने जे म्हटलं ते मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण तेही खोटं नाही. ती म्हणाली, "मोठ्या मामी, माझ्या खांद्यासाठी मी तीन डॉक्टर केले. प्रत्येकाने सात मिनिटं दिली. एकाने वेदनाशामक दिलं, एकाने वजन कमी कर म्हटलं, तिसऱ्याने वय झालं म्हटलं. अडतीसाव्या वर्षी! ही बाटली विकणाऱ्यांनी निदान माझं दुखणं खरं मानलं." मला उत्तर सुचलं नाही. आपल्याला काय वेगळे अनुभव आहेत? बाईचं दुखणं म्हणजे वय, वजन नाहीतर मनाचे खेळ. मग जो कुणी ‘हो, दुखतंय तुला’ म्हणेल त्याच्या हातातली बाटली आपण घेतो. मी ट्यूब घेतली होती, ती हे घेते. तिचा खांदा बरा झालाय हेही खरं. बाटलीने झाला की वर्षभराने आपोआप झाला, ते तिलाही सांगता येत नाही.

पण धाकटीची गोष्ट वेगळी होती, आणि ही गोष्ट वाचताना माझ्या पोटात गोळा आला. बीपीसीने जखम भरते ती कशी? उंदरांमध्ये दिसलंय की त्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटतात. गुडघ्याला ते चांगलंच. पण गाठ वाढायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात. बीपीसीने कर्करोग होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही, मी उगाच घाबरवणार नाही. मात्र कर्करोग होऊन गेलेल्या बायकांना ते देऊन कुणी पाहिलेलंही नाही. भाचीच्या तक्त्यात त्वचा होती, सांधे होते, केस होते, झोपसुद्धा होती. ‘आधी कोणता आजार झालाय?’ असा रकाना नव्हता.

मी जावेला एवढंच विचारलं, "तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांना ठाऊक आहे का, की तुझी मूठ वळत नाही?"

"नाही हो ताई. ते कॅन्सरचे डॉक्टर. त्यांना गुडघ्याचं काय सांगायचं? जीव वाचवला त्यांनी, आणखी काय कुरकुर करायची..."

फाल्गुनात तपासणीची तारीख होती. मी बरोबर गेले, आणि तिच्याआधी मीच बोलले. डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं हातात घेतली, दाबून बघितली आणि विचारलं, "हे कधीपासून?" जाऊ म्हणाली, तीन वर्षं झाली. त्या खुर्चीत मागे टेकल्या. तिची रोजची गोळी लेट्रोझोल. ती शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करते, म्हणूनच कर्करोग परतू नये म्हणून देतात. आणि त्यामुळेच सांधे धरतात. अशा गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांना सांधेदुखी होते. ही माहीत असलेली, पुस्तकात असलेली गोष्ट. त्यावर उपाय आहेत. त्याच जातीची दुसरी गोळी देऊन बघतात. नियमाने चालणं आणि हलका व्यायाम केला तर दुखणं कमी होतं हे अभ्यासांत दिसलंय. हाडांची तपासणी करतात, ड जीवनसत्त्व बघतात. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही. पुष्कळ बायका दुखतं म्हणून गुपचूप बंद करतात आणि तेच सगळ्यात वाईट.

जावेने मान खाली घातली. मग कळलं, मधूनमधून ती चार-चार दिवस गोळी घेतच नव्हती. लग्नाच्या आधी तर दोन आठवडे.

गाडीत बसल्यावर मी तिला काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठे होतं? तीन वर्षं एका घरात राहते मी तिच्या. जिन्यातली ती कुंडी मी रोज बघत होते. पानं खुडायला ती थांबत नाही हे मलाही कळत होतं. डॉक्टरांकडे चल म्हणायला मला एक निळी बाटली लागली.

गोळी बदलून आता चार महिने होत आलेत. सकाळी आम्ही दोघी कृष्णाकाठी प्रीतिसंगमापर्यंत चालत जातो, ती पुढे आणि मी धापा टाकत मागे. मूठ वळते. मांडी घालून बसता येत नाही अजून, जेवायला पाटाऐवजी खुर्चीच लागते. वांग आहेत तसेच आहेत, लग्नाच्या फोटोतही आहेत. त्या फोटोत ती इतकी सुंदर हसली आहे की वांगांकडे कुणाचं लक्ष जात नाही. हे मी म्हणते, तिला पटत नाही.

भाची जाताना डबा परत घेऊन गेली. ती स्वतः अजून घेते, फक्त आता बाटल्या वेगळ्या वेगळ्या मागवते, एका वेळी एकच. गेल्या रविवारी फोनवर म्हणाली, "मामी, तू म्हणालीस ना मिश्रण नको, मग मी नुसतं बीपीसी सुरू केलंय." मी म्हटलं, अगं, मी असं नव्हते म्हणाले. आमचं अजून भांडण चालू आहे.